खांद्यावरचे सोने

इसवी सनापूर्वी १४७ च्या सुमारास सीरियाचा राजा अलेक्झांडर बालास याने यहुद्यांचा प्रमुख याजक योनाथान याला सोन्याचा एक आकडा पाठवला. झग्याची दोन टोके खांद्यावर एकत्र अडकवण्याचा आकडा, ज्याला आज आपण ब्रोच म्हणू. त्याबरोबर एक्रोन हे शहर आणि भोवतालचा मुलूखही दिला. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात ही हकिकत आहे. राजाच्या आप्तांना असा आकडा देण्याची रीत आहे, असा खुलासाही ग्रंथकाराने लगोलग केला आहे. आकड्याचा उल्लेख आधी येतो, शहराचा नंतर. हा क्रम सहज पडलेला नसावा असे मला वाटते. शहराचा महसूल दरवर्षी येणार होता, पण त्या आकड्यामुळे डोंगराळ यहुदियातला एक बंडखोर पुढारी राजघराण्याच्या नात्यात जाऊन बसला.

प्राचीन जगात मानसन्मानाची चिन्हे पुष्कळ होती. मुकुट, जांभळा झगा, सोन्याची अंगठी, सोन्याचा पेला ही त्यांतली ठळक. या यादीत झग्याचा आकडा अगदी किरकोळ वाटतो. तरीही सातशेहून अधिक वर्षे भूमध्य समुद्राच्या काठावर, स्पेनपासून आर्मेनियापर्यंत, सत्ताधाऱ्यांनी माणसे जोडण्यासाठी, मिरवण्यासाठी आणि बांधून ठेवण्यासाठी हीच वस्तू पुन्हापुन्हा वापरली. कारण शोधायचे तर आधी त्या काळचे कपडे पाहावे लागतात.

ग्रीक, रोमी किंवा स्पेनमधल्या इबेरी माणसाचा झगा म्हणजे लोकरीचा एक सलग तुकडा. त्याला बाह्या नाहीत, गुंड्या नाहीत. तो पाठीवरून घ्यायचा, उजव्या खांद्यावर दोन्ही टोके आणायची आणि आकड्याने अडकवायची. उजवा हात तलवारीसाठी, घोड्याच्या लगामासाठी, भाषणासाठी मोकळा राहतो. आकड्याची रचना आपल्या सेफ्टी पिनसारखीच होती: एक कमान, एक स्प्रिंग, एक काटा आणि काट्याचे टोक अडकवायची खोबण. लोखंडाचे आणि पितळेचे असे आकडे रोमी छावण्यांच्या आणि वस्त्यांच्या उत्खननांत हजारांनी निघाले आहेत. शेतकरी, हमाल, शिपाई, व्यापारी, सगळ्यांच्या खांद्यावर तो असे. माझ्या मते त्याचे बळ इथेच आहे. मुकुट सामान्य माणसाने कधी घातलेला नसतो, त्यामुळे तो पाहून दिपून जाण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. आकडा मात्र प्रत्येकाकडे असतो. समोरच्याच्या खांद्यावरचा सोन्याचा आकडा पाहिला की आपल्या खांद्यावर पितळेचा आहे हे कोणी सांगावे लागत नाही. जी वस्तू सगळे वापरतात तीच दर्जा दाखवायला सर्वांत सोयीची ठरते.

होमरच्या ओडिसीत हा आकडा ओळखीची खूण म्हणून येतो. वेष पालटून आलेला ओडिसियस आपल्याच बायकोला तिच्या नवऱ्याच्या झग्यावरच्या सोन्याच्या आकड्याचे वर्णन ऐकवतो. त्यावर हरणाच्या पाडसाला पंजात धरलेला कुत्रा कोरलेला होता. तो आकडा तिनेच त्याच्या झग्याला लावून दिला होता, म्हणून तिला खात्री पटते. इथे सोने घरातले आहे, देणारी पत्नी आहे. पुढे देणारा बदलत गेला आणि सगळी गोष्टच बदलली.

बालास आणि योनाथान यांचा व्यवहार नीट पाहिला तर ते कळते. बालास हा सीरियाच्या सेल्युकिद घराण्यातला राजा चौथा अँटायोकस याचा मुलगा असल्याचा दावा करत होता आणि तो दावा अनेकांना मान्य नव्हता. इसवी सनापूर्वी १५२ मध्ये गादीवरच्या पहिल्या देमेत्रियसविरुद्ध तो उभा राहिला तेव्हा त्याला सैन्य हवे होते आणि योनाथानकडे सैन्य होते. त्याने योनाथानला यहुद्यांचा प्रमुख याजक नेमले, जांभळा झगा आणि सोन्याचा मुकुट पाठवला. दोन वर्षांनी टॉलेमाइस बंदरात स्वतःच्या लग्नसोहळ्यात त्याने योनाथानला जांभळी वस्त्रे नेसवून शेजारी बसवले आणि ‘पहिल्या मित्रां’त त्याचे नाव घातले. सेल्युकिद दरबारात मित्र, पहिले मित्र आणि आप्त अशा चढत्या पायऱ्या होत्या. सन १४७ मध्ये दुसऱ्या देमेत्रियसच्या सेनापतीचा योनाथानने अश्दोदजवळ पराभव केला, तेव्हा सर्वांत वरची पायरी आली आणि तिच्यासोबत सोन्याचा आकडा आला. ज्या राजाचे स्वतःचे राजरक्त संशयास्पद होते तो दुसऱ्याला राजरक्ताचे नाते बहाल करत होता! योनाथानने आकडा स्वीकारला याचाच अर्थ त्याने बालासचा गादीवरचा हक्क मान्य केला. सन्मान घेणाऱ्याइतकाच, किंवा थोडा अधिकच, तो देणाऱ्याच्या उपयोगी पडला.

सन १४५ मध्ये बालास मारला गेला. त्याचा कोवळा मुलगा सहावा अँटायोकस याला पुढे करून त्रिफोन नावाच्या सरदाराने सत्ता बळकावायला सुरुवात केली. त्यालाही योनाथान हवा होता. म्हणून बालराजाच्या नावे योनाथानला सोन्याच्या पेल्यातून पिण्याचा, जांभळी वस्त्रे नेसण्याचा आणि सोन्याचा आकडा लावण्याचा हक्क पुन्हा देण्यात आला. लक्षात घ्या, आकडा त्याच्याकडे आधीपासून होताच. राजा बदलला तसा तो लावण्याचा हक्क नव्याने मिळवावा लागला. म्हणजे सोने योनाथानचे असले तरी त्या सोन्याचा अर्थ राजाच्या मालकीचा होता. दोन-तीन वर्षांतच, योनाथान आपल्या वाटेत येईल अशी त्रिफोनला धास्ती वाटू लागली. आदरसत्काराचे नाटक करून त्याने त्याला टॉलेमाइसमध्ये नेले, दरवाजे लावून घेतले, बरोबरच्या माणसांची कत्तल केली आणि पुढे योनाथानलाही ठार मारले. ज्या सत्तेने आकडा दिला तिनेच गळा कापला. तो बालराजाही पुढे त्रिफोनच्याच हातून गेला.

योनाथानचा भाऊ शिमोन याने यातून जो धडा घेतला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो. सन १४० मध्ये यहुदी लोकांच्या मोठ्या सभेने ठराव करून शिमोनला नेता आणि प्रमुख याजक ठरवले. पितळी पत्र्यांवर कोरून तो ठराव सियोन डोंगरावर लावण्यात आला. त्यात एक कलम असे होते की शिमोनने जांभळी वस्त्रे नेसावीत, सोने वापरावे आणि दुसऱ्या कोणीही, लोकांपैकी वा याजकांपैकी, जांभळे नेसू नये किंवा सोन्याचा आकडा लावू नये. परक्या राजाच्या मर्जीचे चिन्ह आता लोकांच्या ठरावाने मिळाले. स्वातंत्र्याची खूण म्हणून ही घटना मोठी आहे. पण त्याच ठरावाने ते चिन्ह इतर सर्वांना बंद केले, हेही तितकेच खरे. योनाथान आणि शिमोन यांचे मक्काबी घराणे ज्या दरबाराविरुद्ध लढले त्या दरबाराचीच रीत त्याने उचलली. पुढे सन १३४ मध्ये यरीहोजवळच्या किल्ल्यात जेवणाच्या बैठकीत शिमोनचा त्याच्या जावयाने खून केला.

मराठी वाचकाला हा काळ अगदीच परका नाही. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज चौथ्या अँटायोकसच्या छळाच्या काळात गालीलहून निघाले आणि त्यांचे गलबत अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटले. मक्काबींच्या विजयाचा हनुक्का हा सण या समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता आणि पूर्वज त्या विजयाआधीच निघाले होते, हेच त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. वसईच्या कॅथलिक घरांतल्या बायबलात मक्काबींचे ग्रंथ आहेत. प्रॉटेस्टंट बायबलात ते नसतात.

रोमी लोकांनी हीच वस्तू जरा वेगळ्या रीतीने वापरली. इसवी सनापूर्वी २०८ मध्ये स्पेनमधल्या बायकुलाच्या लढाईनंतर रोमी सेनापती स्किपिओ याचा अधिकारी कार्थेजच्या बाजूच्या आफ्रिकी कैद्यांना गुलाम म्हणून विकत होता. त्यांत एक देखणा मुलगा राजकुळातला असल्याचे कळले, तेव्हा त्याला स्किपिओपुढे आणण्यात आले. तो उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाचा राजपुत्र मासिनिसा याचा भाचा मासिव्हा निघाला. वय लहान म्हणून मामाने लढायला मनाई केली होती. त्याने गुपचूप घोडा आणि हत्यारे घेतली, घोडा कोसळला आणि तो पकडला गेला. स्किपिओने त्याला सोन्याची अंगठी, रुंद पट्ट्याचा अंगरखा, सोन्याच्या आकड्यासह स्पॅनिश झगा आणि सजवलेला घोडा दिला आणि सोबत स्वार देऊन परत पाठवले. रोमी इतिहासकार लिव्ही सांगतो की मुलाला आनंदाने रडू आले. पुढे मासिनिसा रोमच्या बाजूला गेला. सन २०२ मध्ये झामाच्या रणांगणावर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचा पराभव झाला त्यात मासिनिसाच्या नुमिडियन घोडदळाचा वाटा निर्णायक होता. मासिनिसालाही रोमच्या सिनेटने भेटी पाठवल्या, त्यांत सोन्याच्या आकड्यांसह दोन जांभळे झगे होते. स्किपिओच्या औदार्याची ही कथा शतकानुशतके कौतुकाने सांगितली गेली. मला मात्र त्या मुलाबरोबर पकडले गेलेले आणि त्याच दिवशी विकले गेलेले लोक विसरता येत नाहीत. मुलाचे रक्त राजाचे होते म्हणून त्याच्या खांद्यावर सोने आले. बाकीच्यांचा लिलाव झाला.

स्वतःच्या सैनिकांनाही रोमी सेनापती आकडे देत. इसवी सनापूर्वी १८५ मध्ये ताहो नदीच्या काठी काल्पुर्निअस आणि क्विंक्टिअस हे दोन प्रीटर, म्हणजे रोमी प्रांताधिकारी, एकत्र लढून जिंकले. दुसऱ्या दिवशी काल्पुर्निअसने आपल्या स्वारांना छातीवरची पदके वाटली, क्विंक्टिअसने आपल्या स्वारांना साखळ्या आणि आकडे. इथे मान पराक्रमाचा आहे, तो सर्वांसमोर दिला आहे. रोमी सैन्याचा या बाबतीतला नियम खरोखर चोख होता: कोणत्या कृत्याला कोणते बक्षीस ते ठरलेले असे. कालांतराने शिपायांच्या थडग्यांवर गळ्यातली वळी, हातातली कडी आणि छातीवरची पदके दिसू लागली. आकडा मात्र बक्षिसांच्या नेहमीच्या यादीतून मागे पडला.

यादीतून मागे पडला तरी मिरवण्यातून तो गेला नाही. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये फिलिपीच्या मैदानावर, प्रजासत्ताक वाचवण्याच्या शेवटच्या लढाईच्या तोंडावर, ब्रूटस पत्रांतून संतापून लिहीत होता की ट्रिब्यून हुद्द्याचे अधिकारी सोन्याचे आकडे लावून फिरतात. रोमी लेखक थोरल्या प्लिनीने ही नोंद ठेवली. सैन्याला शिस्त हवी, पैसा हवा, धान्य हवे आणि अधिकारी खांद्यावर सोने लावून हिंडतात, हे पाहून ब्रूटसला राग येणे स्वाभाविक होते. कुणी दिले म्हणून लावलेला आकडा आणि विकत घेऊन लावलेला आकडा लांबून सारखेच दिसतात. पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ऑरेलियन बादशहाने साध्या शिपायांनाही चांदीऐवजी सोन्याचे आकडे लावायची मुभा दिली, असे ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या चरित्रसंग्रहात आहे. हा ग्रंथ फारसा भरवशाचा नाही. तरी सोने खाली उतरत चालले होते एवढे त्यावरून दिसते.

सोने खाली उतरले की सत्ता नवी पायरी शोधते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून रोमी अधिकाऱ्यांच्या खांद्यावर एक ठरावीक घाटाचा आकडा दिसू लागतो. आडव्या दांडीची दोन टोके आणि मधला माथा यांवर कांद्याच्या आकाराचे तीन गोळे, मध्ये जाड कमान, खाली लांब पाय. पुरातत्त्वज्ञ त्याला धनुष्यी आकडा म्हणतात. तो दिसला की हा माणूस बादशहाच्या नोकरीत आहे हे लांबूनच कळे. १७८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एरिकस्टेनब्रे इथे असा एक सोन्याचा आकडा मिळाला. त्यावर डायोक्लिशियनच्या राज्याच्या विसाव्या वर्षाच्या, म्हणजे इसवी सन ३०३ च्या सोहळ्याचा मजकूर जाळीकामात कोरलेला आहे. साम्राज्याच्या अगदी उत्तर टोकापलीकडे हरवलेल्या त्या सोन्यावर बादशहाचे नाव होते. ते लावणारा माणूस बादशहाचे नाव खांद्यावर घेऊन वावरत होता.

या आकड्याचे सर्वांत सुंदर चित्र हस्तिदंतावर आहे. इटलीत मोन्झाच्या कॅथेड्रलमध्ये इसवी सन ४०० च्या आसपासची एक जोडफळी आहे, ती सेनापती स्टिलिकोची मानली जाते. बाप व्हँडल, आई रोमी असा हा माणूस पश्चिमेच्या साम्राज्याचा खरा कारभारी होता. एका फळीवर तो भाला आणि ढाल घेऊन उभा आहे, उजव्या खांद्यावर तोच धनुष्यी आकडा. दुसऱ्या फळीवर त्याची पत्नी सेरेना आणि लहान मुलगा युकेरिअस. मुलाच्या हातात नेमणुकीची पाटी आहे आणि खांद्यावर आकडाही आहे. आठ-दहा वर्षांच्या पोराने कोणते शौर्य गाजवले होते? काल्पुर्निअस आणि क्विंक्टिअस यांच्या छावणीपासून इथवरचे अंतर या एका खांद्यावर मोजता येते. ४०८ मध्ये रावेन्नात स्टिलिकोचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी युकेरिअसही मारला गेला.

पाचव्या शतकात बादशहा लिओने कायदाच केला. घोड्यांचे लगाम, खोगिरे आणि कमरपट्टे यांवर मोती, पाचू आणि नीलमण्यांसारखे खडे लावायला खासगी माणसांना बंदी. झग्याच्या आकड्याची किंमत फक्त सोन्याची आणि कारागिरीची असावी, रत्नांची नको. रत्ने दरबाराची. या रत्नांपैकी कितीतरी आपल्याकडून जात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून सुलेमानी खडे मोठ्या प्रमाणावर गाड्यांनी, धड रस्ताही नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या फ्रँक दागिन्यांतले पुष्कळसे लाल गार्नेट भारत आणि श्रीलंकेतले असल्याचे प्रयोगशाळांतल्या तपासण्यांत आढळले आहे. सातवाहनांच्या पैठणातल्या पाथरवटाला आपल्या खड्याचे पुढे काय होते हे कळणे शक्य नव्हते, पण पश्चिमेच्या मानपानाचा एक धागा दख्खनपर्यंत येतो हे आपण लक्षात ठेवायला हवे.

आकड्याच्या या प्रवासातल्या शेवटच्या टप्प्याचे वर्णन इतिहासकार प्रोकोपिअसने केले आहे. रोमच्या बाजूच्या आर्मेनियात पाच वंशपरंपरागत सरदार होते. त्यांची मानचिन्हे फक्त बादशहाकडून येत: समुद्री शिंपल्याच्या तंतूंपासून विणलेला झगा, गुडघ्यापर्यंतचे लाल बूट आणि सोन्याचा आकडा. आकड्याच्या मधोमध मोठे रत्न आणि त्याखाली सोन्याच्या साखळ्यांनी लोंबणारे तीन नीलमणी. तसे बूट घालण्याचा हक्क एरवी फक्त रोमचा बादशहा आणि इराणचा शहा यांनाच होता. इतका मान! पण त्याच ओघात प्रोकोपिअस हेही सांगतो की रोमी सैनिक या सरदारांच्या हुकमाखाली कधीच आले नाहीत, त्यांना आपली युद्धे आपल्याच बळावर लढावी लागत. आकडा मिळाला, पण सैन्य मिळाले नाही. ५३६ मध्ये बादशहा जस्टिनियनने आर्मेनियाची नवी घडी बसवली आणि या सरदारक्या रद्द केल्या. दूरवरून पाठवलेला मान एका हुकमाने संपला असे नव्हे, तो त्या हुकमाआधीच पोकळ होता. योनाथानच्या बाबतीतही आपण तेच पाहिले. मान देणारा जेव्हा त्या मानामागची ताकद स्वतःकडे ठेवतो, तेव्हा त्या मानाला मी उपकार म्हणणार नाही, तो लगाम आहे.

एक आकडा मात्र देणाऱ्याच्या हातून पूर्ण सुटला. फ्रँकांचा राजा चिल्डेरिक ४८१ किंवा ४८२ मध्ये मेला. १६५३ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या तुर्ने गावात बांधकाम चालू असताना त्याची कबर सापडली. त्याचे नाव कोरलेली मुद्रा, तलवार, सोन्याच्या शेकडो मधमाश्या आणि रोमी अधिकाऱ्याचा तो सोन्याचा धनुष्यी आकडा त्यात होता. पश्चिमेचा शेवटचा बादशहा ४७६ मध्ये गादीवरून उतरवला गेला होता. पश्चिमेत रोमची सत्ता राहिली नव्हती, तरी रोमच्या नोकरीची खूण राजाने मरेपर्यंत जपली आणि त्याच्या माणसांनी ती त्याच्याबरोबर पुरली. फ्रान्सच्या राजवंशाची सुरुवात या थडग्यात आहे. १८०४ मध्ये राज्याभिषेकासाठी चिन्ह हवे होते तेव्हा नेपोलियनने तिथल्याच मधमाश्या उचलल्या. १८३१ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या शाही ग्रंथालयात चोरी झाली, तिथे या वस्तू होत्या. चोरांनी बहुतेक सोने वितळवले. सेन नदीतून काही थोड्या वस्तू परत मिळाल्या, आकडा त्यांत नव्हता. तो कसा दिसत होता हे आज आपल्याला कळते ते केवळ शिफ्ले नावाच्या वैद्याने १६५५ मध्ये त्या थडग्यावर सचित्र ग्रंथ छापला म्हणून. वितळवणाऱ्यांच्या पदरी काही तोळे सोने पडले असेल. जगाने मात्र रोमचा शेवट आणि मध्ययुगाची सुरुवात यांना जोडणारी एक वस्तू कायमची गमावली.

इटलीला जाणारे मराठी प्रवासी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परततात. त्यांनी एक दिवस रावेन्नासाठी काढावा. ५४७ मध्ये वापरात आलेल्या सान व्हिताले चर्चच्या भिंतीवर जस्टिनियन दरबाऱ्यांसह उभा आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर मोत्यांनी वेढलेला, तीन लोंबते मणी असलेला मोठा गोल आकडा आहे, प्रोकोपिअसने सांगितलेल्या आर्मेनियन सरदारांच्या आकड्यासारखा. शेजारच्या दरबाऱ्यांच्या खांद्यांवर साधे धनुष्यी आकडे आहेत. वेळ उरला तर मिलानहून मोन्झालाही जाऊन यावे, आगगाडीने ते फार दूर नाही.